परक्या प्राण्याची फर आणि कोकणातले मुंगूस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

न्यूझीलंडमधल्या पोसम या झाडांवर राहणाऱ्या, पोटाला पिशवी असलेल्या प्राण्याच्या लोकरीच्या मफलरी आणि अमेरिकेतल्या न्यूट्रियाची फर यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आणि त्यावर आलेली वाचकांची पत्रे वाचली. लेखाचे म्हणणे थोडक्यात असे: जो प्राणी बाहेरून आणला गेला, मोकाट सुटला आणि आता तिथली जंगले नि दलदली उजाड करतो आहे, तो तसाही मारावाच लागतो, मग त्याची फर वापरली तर बिघडले कुठे? पत्रलेखकांनी तोच धागा ओढत कोकणापर्यंत आणला. वानर आणि रानडुक्कर बागा फस्त करतात, त्यांच्या कातड्याचेही असेच काही करा, असे त्यांचे म्हणणे. लेखातल्या मुद्द्यात तथ्य आहे, पत्रांतल्या मुद्द्यात नाही. आणि या दोहोंच्या मध्ये एक गोष्ट राहून गेली आहे, जी आपल्या खाडीतल्या पाणमांजराच्या आणि कुंपणाखालून पळणाऱ्या मुंगसाच्या जिवावर बेतू शकते. पत्र लांबले आहे ते त्यासाठी.

आधी लेखातले तथ्य. मारलेले जनावर चिखलात कुजू देण्यात पुण्य काही नाही. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर न्यूट्रिया हा पाच-सहा किलोचा, नारिंगी दातांचा, मागच्या पायांच्या बोटांत पडदा असलेला कुरतडणारा प्राणी पाणथळीतल्या गवताची मुळेच खाऊन टाकतो. मुळे गेली की माती सुटते, माती सुटली की तिथे उघडे पाणी होते आणि ते पुन्हा भरून येत नाही. म्हणून २००२ पासून तिथले सरकार शेपटामागे पैसे देते. सुरुवातीला ४ डॉलर होते, आता ६ आहेत. शेपूट किमान सात इंचांचे लागते, कुठल्या भागात, कोणत्या महिन्यात, कशाने मारले हे नोंदवावे लागते. वर्षाला चार लाखांपर्यंत जनावरे काढायचे उद्दिष्ट आहे. शेपूट जमा होते आणि बाकीचे धड बहुतेक वेळा तिथेच टाकले जाते. अशा वाया जाणाऱ्या कातड्याचा कोट कुणी केला तर त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. फर वापरणारा प्रत्येक माणूस पापी, असे मला वाटत नाही. मांसाहार करणाऱ्या, चामड्याच्या चपला घालणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी तसे म्हणू नये.

पण लेखात एक गोष्ट अर्धीच सांगितली गेली. हे प्राणी तिथे आले कसे? जवळजवळ सगळे फरसाठीच आले. न्यूट्रिया मूळचा दक्षिण अमेरिकेचा. १९२९ मध्ये तो इंग्लंडमध्ये आणि १९३० च्या दशकात लुइझियानात पिंजऱ्यात पाळायला नेला गेला, तो फरच्या धंद्यासाठी. पोसम ऑस्ट्रेलियाचा. न्यूझीलंडमध्ये तो १८३७ मध्ये प्रथम आणला गेला आणि १८५८ मध्ये टिकला, तोही फरचा व्यापार उभा राहावा म्हणून. आज तो तिथली झाडे ओरबाडतो, पक्ष्यांची अंडी-पिल्ले खातो आणि गाईगुरांत क्षयरोग पसरवतो. मस्करॅट हा पाणथळीत राहणारा, मोठ्या उंदरासारखा प्राणी १९०५ मध्ये प्रागजवळ सोडला गेला नि अर्ध्या युरोपभर पसरला. नेदरलँड्समध्ये तो बांध पोखरतो, म्हणून त्याला पकडायला पगारी माणसे ठेवावी लागतात. अमेरिकन मिंक हे मुंगसासारखे शिकारी प्राणी फर-फार्ममधून निसटले आणि ब्रिटनमधल्या पाणउंदरांचा त्यांनी फडशा पाडला. अर्जेंटिनाने १९४६ मध्ये टिएरा डेल फ्यूएगो बेटावर झाडे कुरतडून ओढ्यांवर बांध घालणारे वीस बीव्हर सोडले. फरचा धंदा काही उभा राहिला नाही, बीव्हर मात्र एक लाखावर गेले आणि समुद्र ओलांडून चिलीच्या मुख्य भूमीवर पोचले. तेव्हा 'फर हा परक्या प्राण्यावरचा उपाय' असे म्हणताना रोगही त्याच दुकानातून आला आहे, एवढे ध्यानात असावे.

आपल्याकडे याचा अनुभव नाही असेही नाही. इमूपालनाची लाट महाराष्ट्रात आली आणि ओसरली. गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर कित्येकांना दाण्याचा खर्च झेपेना, आणि काही ठिकाणी पक्षी सरळ मोकळे सोडून दिले गेले. आफ्रिकन मांगूर हा मासा २००० सालापासून बंदी असूनही तळ्यांत पाळला गेला, पुराच्या पाण्याबरोबर नद्यांत गेला. चिलापी १९५२ मध्ये देशात आणली. आज ती आपल्या खाड्यांत आहे, बाजारात विकली जाते, आपण खातो, आणि खाऊन ती तसूभरही कमी झालेली नाही. धंद्यासाठी आणलेले जनावर धंद्याच्या कुंपणात राहत नाही, हे तिन्हीकडे दिसले.

लुइझियानाची पुढची गोष्ट तर अधिक बोलकी आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी सांगायला हवी. १९७६ मध्ये तिथे जवळपास १८ लाख न्यूट्रियांची कातडी विकली गेली. बाजार तेजीत होता तोवर शिकारी स्वतःहून दलदलीत उतरत होते, सरकारचा पैसा लागत नव्हता आणि दलदलही बऱ्यापैकी सावरलेली होती. म्हणजे बाजाराने काम केले, हे खरेच आहे. १९८० च्या दशकात फरची मागणी कोसळली. शिकारी घरी बसले, न्यूट्रिया वाढले आणि १९९० च्या दशकाअखेर एक लाख एकरांच्या आसपास पाणथळ खराब झालेली दिसू लागली. किनारा वाचवण्याचे काम दूरच्या शहरांतल्या कपड्यांच्या हौशीवर सोपवले होते. हौस फिटली, किनारा उघडा पडला. मग शेपटांचे पैसे सरकारला खिशातून द्यावे लागले. आता तीच फर पुन्हा लोकप्रिय करून सरकारी खर्च वाचवू म्हणणाऱ्यांनी त्या मधल्या वीस वर्षांचे काय करायचे हेही सांगावे.

यातला खरा प्रश्न पैसे कशाचे मोजता हा आहे. डोक्यामागे पैसे दिले की माणूस डोकी आणतो. हनोईत १९०२ मध्ये फ्रेंच सरकारने उंदराच्या शेपटामागे इनाम लावले, तर शेपूट तुटलेले जिवंत उंदीर शहरात हिंडताना दिसू लागले. पुढच्या विणीची सोय लोकांनी करून ठेवली होती. न्यूझीलंडने १९५१ ते १९६१ अशी दहा वर्षे पोसमवर इनाम देऊन पाहिले. शिकारी रस्त्यालगतच्या, सोप्या रानात जात, जिथे जनावरे भरपूर तिथूनच पोती भरून आणत. दुर्गम डोंगरातला पोसम, जो जंगलाचे खरे नुकसान करत होता, त्याच्याकडे कुणी फिरकेना. योजना गुंडाळावी लागली.

हिशेब उलटा मांडला तर काम होते, हे इंग्लंडने दाखवले. पूर्व अँग्लियातल्या न्यूट्रियांवर १९८१ मध्ये मोहीम सुरू झाली. चोवीस पगारी सापळेवाले होते. तरंगत्या तराफ्यांवर गाजराचे आमिष आणि वर पिंजरे ठेवत. दुसरा कुठला प्राणी अडकला तर तो जिवंत सोडता येई. अडचण एकच होती: शेवटचा न्यूट्रिया पकडला की सापळेवाल्याची नोकरी जाणार. मग तो शेवटचा पकडेल कशाला? म्हणून असे ठरवले की ठरलेल्या दहा वर्षांच्या आत प्राणी संपला तर प्रत्येकाला तीन वर्षांच्या पगाराएवढे बक्षीस, आणि उशीर होईल तसे ते घटत जाईल. १९८९ मध्ये प्राणी संपला. या सगळ्यात फरचा बाजार कुठेच नव्हता.

न्यूझीलंडमध्येही आज कंत्राटाची मोजणी उरलेल्या जनावरांवर होते. काम झाल्यावर त्रयस्थ माणसे ठरावीक रेषेवर सापळे लावतात. शंभर सापळे एक रात्र लावले तर किती पोसम अडकतात तो आकडा काढतात. पाच किंवा दोन टक्क्यांच्या खाली आला तर पैसे, नाही आला तर कंत्राटदाराने पुन्हा रानात जायचे. फरवाल्याला हे गणित परवडत नाही. एक किलो केसांना वीसेक पोसम लागतात. रान भरलेले असते तेव्हा एका माणसाला हे एका रात्रीत जमते. दहातले आठ काढून झाले की तेवढ्याच केसांना कितीतरी रात्री लागतात, आणि भाव तोच राहतो. मग फरवाला दुसऱ्या डोंगरावर जातो. मागे राहिलेले दोन मोकळ्या झालेल्या चाऱ्यावर पोसतात.

न्यूट्रियाचे तर विचारूच नका. चार ते सहा महिन्यांत मादी माजावर येते, साडेचार महिन्यांनी चार-पाच पिल्ले घालते आणि व्यायल्यावर एक-दोन दिवसांतच पुन्हा गाभण राहू शकते. निम्मी जनावरे काढली तर वर्षाच्या आत संख्या पूर्वपदावर येते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागराकाठी २००२ मध्ये मोहीम सुरू झाली, सुमारे १४ हजार न्यूट्रिया काढले, शेवटचा सापडला तो २०१५ मध्ये. त्यानंतर सात वर्षे विष्ठेचा वास घेणारी कुत्री आणि केस अडकवणारे तरंगते तराफे घेऊन माणसे नुसती शोधत राहिली, तेव्हा कुठे २०२२ मध्ये प्राणी संपल्याचे जाहीर झाले. मोहिमेतला सर्वांत चिवट आणि खर्चिक भाग तो हाच, आणि त्या सात वर्षांत फर निघाली शून्य. बाजाराच्या जोरावर मोहीम चालते म्हणणाऱ्यांना ही सात वर्षे कोणत्या खात्यात टाकायची ते विचारावे.

मारण्याच्या पद्धतीबद्दल लेखात 'मानवीय' हा एकच शब्द होता. तो कशाला लावायचा ते सांगतो. पोसमचे केस उपटून काढतात, आणि ते जनावर गरम असेतोवरच सहज निघतात. थंड झाले की केस धरून बसतात, ओढले तर कातडी फाटून केसांबरोबर येते, तो माल कमी भावाचा. म्हणून फरवाल्याला असे मरण हवे असते जे त्याच्या हाताशी येते: पायाचा सापळा किंवा सायनाइडची गोळी, जिच्याजवळच जनावर पडते. विमानातून टाकलेल्या विषाने मेलेला पोसम रानात कुठेतरी सापडतो, तोवर केस गेलेले असतात; फरवाले या विषाला विरोध करतात, त्यात दयेइतकाच धंदाही असतो. पायाच्या सापळ्यात जनावर जिवंत अडकून राहते. तिथल्या कायद्याने असा सापळा रोज, सूर्योदयानंतर बारा तासांच्या आत पाहावाच लागतो. म्हणजे संध्याकाळी अडकलेला पोसम पूर्ण रात्र आणि दिवसाचा मोठा भाग अडकलेला राहिला तरी कायदा मोडत नाही. आणि मादी असेल तर पिशवी तपासावी लागते. आत पिल्लू असते, आई मेली तरी ते जिवंत असते. तेही लगेच मारले नाही तर उपाशी मरते. मफलर घेणाऱ्याने हे वाचून मफलर टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. पण पाकिटावरचा शब्द किती सैल आहे ते कळावे.

आता वानर आणि रानडुक्कर. त्रास खरा आहे. नारळाची बोंडे, आंब्याचा मोहोर, भाताची रोपे, काहीच सुटत नाही, आणि नुकसानभरपाईचे कागद गोळा करण्यात बागायतदाराचा जीव मेटाकुटीला येतो, हे कुणी नाकारू नये. पण हे प्राणी परके नाहीत. ते इथलेच आहेत, आपल्या बागा त्यांच्या रानात घुसल्या आहेत. कायद्यातली परक्या आक्रमक प्रजातीची व्याख्याच मुळी 'भारतातली नाही' इथून सुरू होते. ही व्याख्या आणि अशा प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणे यांवर नियंत्रण आणण्याचे केंद्राचे अधिकार वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने आले. तिच्यात वानर बसत नाही. पिकाच्या रक्षणासाठी वनखात्याच्या परवानगीने मारलेले रानडुक्करही मारणाऱ्याचे होत नाही, ते सरकारी मालमत्ता ठरते. त्याची कातडी किंवा केस विकणे हा गुन्हा आहे. तेव्हा उपाय कुंपणात, राखणीत, भरपाईत शोधावा लागेल.

कायदा बाजूला ठेवला तरी धंदा उभा राहत नाही. फरची किंमत असते ती आतल्या दाट लवेला. थंड पाण्यात किंवा थंडीत राहणाऱ्या प्राण्याला ती असते. न्यूट्रियाला पोटाशी सर्वांत दाट असते, म्हणून त्याचे कातडे पाठीवरून उघडतात. वरचे राठ केस उपटून आतली लव कातरली की माल तयार होतो. वानराला अशी दाट लव नाही. रानडुकराचे नुसते राठ केस.

आणि कोकणातली हवा! पंचवीस-तीस अंश उष्णता आणि दमट हवा असली की सोललेल्या कातड्यावर काही तासांत जंतूंचे काम सुरू होते. ते आधी केसाच्या मुळाशी पोचतात. कातडे दिसायला ठीक असते, कमावून झाल्यावर मुठीमुठीने केस निघतात. ते टाळायचे तर सोलल्याबरोबर मांस-चरबी खरवडावी लागते, कातड्याच्या निम्म्या ते बरोबरीच्या वजनाचे बारीक मीठ चोळावे लागते, चोवीस तासांनी ते ओले मीठ झटकून पुन्हा नवे लावावे लागते, उतारावर ठेवून पाणी निथळू द्यावे लागते. उन्हात घातले तर वरून कडक आणि आतून कच्चे राहते. चरबी राहिली तर साठवणीत तेल होऊन कातडे जळल्यासारखे तडकते. जूननंतर मीठच पाणी ओढून घेते, मग वाळवायचे कसे? त्यापुढे आम्लाच्या आणि तुरटीच्या किंवा क्रोमच्या हौदांचे पाणी कुठे सोडणार? खाडीतच ना? कालवे आणि तिसऱ्या काढणाऱ्या बायांना विचारा.

आता मूळ मुद्दा. 'पापाची नसलेली फर' अशी एक वर्गवारी बाजारात रुजली, की तिच्या आडोशाला दुसरा माल येतो. पाणमांजराचे उदाहरण घ्या. मऊ केसांची पाणमांजरे आपल्या खाड्यांत नि नद्यांत आहेत, लहान नखांची सह्याद्रीतल्या ओढ्यांत. २०१९ पासून दोन्हींचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्ण बंद आहे. या कातड्यांची भूक किती आहे याचा अंदाज २००३ मध्ये तिबेटात एकाच ठिकाणी सापडलेल्या मालावरून येतो: ३१ वाघ, ५८१ बिबटे आणि ७७८ पाणमांजरे. वाघांची बातमी झाली. पाणमांजरांचा आकडा फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. न्यूट्रिया आणि पाणमांजर दोघांनाही वर राठ केस, खाली दाट लव. डोके, पंजे, शेपूट कापले, राठ केस उपटले, लव कातरून गडद रंगवली, तर दुकानदाराला किंवा नाक्यावरच्या हवालदाराला नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येणार नाही. केस सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो किंवा डीएनए तपासावे लागते. म्हणजे 'हे न्यूट्रियाचे आहे' एवढी चिठ्ठी पुरते. भारताने २०१७ मध्ये मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या कातड्यांची आयात बंद केली, हे योग्यच झाले.

मुंगसाची गोष्ट याहून विचित्र आहे. मुंगूस हे भारतात संरक्षित, आणि बाहेर काही ठिकाणी जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या प्राण्यांपैकी एक! उसातले उंदीर मारायला १८७२ मध्ये कोलकात्याहून लहान मुंगसे जमैकात नेली, तिथून १८८३ मध्ये ती हवाईत गेली. उंदीर रात्रीचे, मुंगूस दिवसाचे. दोघांची गाठ कमीच पडली आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा बळी गेला. जपानच्या आमामी बेटावर १९७९ मध्ये विषारी सापांसाठी तीसेक मुंगसे सोडली, ती दहा हजारांवर गेली. शेवटचे २०१८ मध्ये पकडले, २०२४ मध्ये बेट मुंगूसमुक्त जाहीर झाले. तेही सापळे आणि कुत्र्यांच्या पथकांनी, वर्षानुवर्षे पगार देऊन.

आता कल्पना करा, उद्या कुणी 'हवाईतल्या उपद्रवी मुंगसाच्या केसांचे, निसर्गस्नेही' ब्रश विकायला काढले. तिथल्यापुरता तो सौदा कदाचित निर्दोषही असेल. पण इथे त्या शिक्क्याखाली काय विकले जाईल? मुंगसाच्या केसांचे ब्रश हा भारतातला जुना काळा धंदा आहे. मुंगसाच्या अंगावर कामाचे केस थोडेच असतात. एक किलो केसांसाठी पन्नासेक मुंगसे मारावी लागतात. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने देशभर छापे घातले, तेव्हा पन्नास हजारांवर ब्रश आणि शंभर किलोंहून अधिक कच्चे केस हाती लागले. तेवढ्या केसांचा हिशेब वाचकांनीच करावा. हवाईच्या मुंगसाचा केस आणि आपल्या परसातल्या मुंगसाचा केस ब्रशात बांधल्यावर ओळखणे विक्रेत्याला शक्य नाही आणि त्याला त्यात रसही नाही. परका प्राणी मारणे जिथे योग्य असेल तिथे योग्य असो. त्याचा माल त्या प्राण्याच्या मायदेशात विकायला आणणे मात्र कुठल्याही शिक्क्याने योग्य होत नाही.

हे कोकणातल्या वाचकांना मुद्दाम सांगतो आहे, कारण आता गणपतीच्या शाळांतून रंगकामाची खरेदी सुरू होईल, सावंतवाडीच्या लाखकामाच्या आणि गंजिफाच्या कारागिरांनाही बारीक ब्रश लागतात. डोळ्यांच्या आखणीला, भुवईच्या रेघेला, पितांबराच्या काठाला लवचीक टोकाचा ब्रश हवा असतो आणि मुंगसाचा केस तिथे चांगला चालतो, म्हणून मागितला जातो. मागणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसते. ओळखायचे असे: ब्रश उन्हात धरून केस पसरवा. मुंगसाच्या केसावर पट्टे असतात: टोक गडद तपकिरी, मधला भाग पिवळसर पांढरा, बुडाशी पुन्हा गडद. नायलॉनचा धागा टोकापासून बुडापर्यंत एकाच रंगाचा दिसतो. डुकराचा केस जाड, टोकाशी फुटलेला आणि ताठ. शंका राहिली तर एक केस काढून काडीने जाळा: नायलॉन वितळून त्याचा कडक मणी होतो, केस मात्र जळून चुरा होतो आणि जळक्या केसाचा वास येतो. एवढ्यावर निकाल मात्र देऊ नका. घोड्याचा, बकऱ्याचा केसही तसाच जळतो, म्हणून जाळण्याने फक्त 'प्राण्याचा आहे' एवढेच कळते. पट्टे पाहायलाच हवेत. उलट काही कारखानदार नायलॉनलाही पट्टे रंगवून देतात, तेव्हा दोन्ही कसोट्या लावा. दांड्यावर कंपनीचे नाव नाही, विक्रेता 'खास माल' म्हणून आतून काढून देतो आहे, बिल देत नाही, तर मग केस बघायचीही गरज नाही.

आणि गरजेचे म्हणाल तर आज बहुतेक शाळांत ॲक्रिलिक रंग वापरतात. तो वाळताना केसाच्या बुडाशी, पत्र्याच्या नळीत घट्ट बसतो आणि नैसर्गिक केसांचा ब्रश थोड्याच दिवसांत फाकतो. त्याच कामाला कृत्रिम धाग्याचा शून्य किंवा दोन शून्य नंबरचा ब्रश घ्या. दर अर्ध्या तासाने पाण्यात हलवा, रात्री साबणाने धुऊन टोक बोटांनी जुळवून आडवा ठेवा. पाण्याच्या भांड्यात उभा ठेवला तर टोक वाकते, मग रेघ दुभंगते आणि दोष ब्रशाला जातो. जलरंगाला कृत्रिम धागा थोडा कमी पाणी धरतो, हे खरे. तेव्हा ब्रश वारंवार बुडवावा लागतो, एवढाच काय तो तोटा.

परदेशातून मफलर किंवा मोजे आणणाऱ्यांनी विकणाऱ्याला विचारावे, की हे कातडे किंवा केस कोणत्या मोहिमेतले, त्या भागात जनावरांची मोजणी कोण करते आणि ती दरवर्षी कमी होते आहे का, पकडणाऱ्याला पैसे डोक्यामागे मिळतात की उरलेल्या संख्येवर. प्राणी संपला तर तुमचा धंदा बंद होईल का, हाही प्रश्न विचारावा; त्यावर 'नाही, आमचा पुरवठा कायमचा आहे' असे उत्तर आले, तर तो माल परक्या प्राण्याच्या निर्मूलनातून येत नसून शेतीतून येतो आहे, असे समजावे. पोसमचे चांगले विणकाम करणारे लोक या प्रश्नांना उत्तरे देतात. न देणाऱ्यांचा माल घेऊ नये.

आपल्या वृत्तपत्राकडून दोन अपेक्षा आहेत. पुरवणीतल्या लेखाखाली 'भारतात अशा फरच्या व्यापाराची कायदेशीर स्थिती' अशी चौकट द्यायला हवी होती, ती पुढच्या अंकात द्यावी. आणि गणेशोत्सवाच्या तोंडावर छोट्या जाहिरातींत 'मुंगूस केस ब्रश, घाऊक दरात' अशी ओळ आली तर ती छापू नये. ती देणाऱ्याची माहिती वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावी.

कळावे,
एक वाचक, मालवण